म्हातारबाची चूल

देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. धरमतरच्या खाडीकाठी खारातल्या, म्हणजे खाडी अडवून केलेल्या भातजमिनीतल्या, एका गावचा येसाजी आपल्या मेहुणीला मुंबईच्या लाँचवर बसवून द्यायला रेवसच्या धक्क्यावर गेला होता. काम एवढंच. तिला बसवली, तिचं तांदळाचं गाठोडं हातात दिलं, लाँच सुटली, आणि हा बिडी पेटवायला वळला तर पायात कुत्रा.

कुत्रा म्हणजे कसा, तर वासराएवढा. बाप कुणी विलायती असावा आणि आई इथलीच, उकिरड्यावरची. कारण छाती आणि जबडा साहेबाच्या घरचा होता, पण कान एक उभा नि एक पडका, अस्सल गावठी. तोंड पांढरं पडलेलं, दात झिजलेले, उठताना मागचे पाय थरथरायचे. धक्क्यावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, की किहीमकडच्या बंगल्यातला गोरा साहेब बायकोपोरं, पेट्या, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा घेऊन विलायतेला गेला, आणि ह्याला तेवढा ठेवला. लाँचमागं ह्यानं पाण्यात उडी टाकली, कोळ्यांनी ओढून बाहेर काढला, तेव्हापासून हा इथंच पडून असतो. बायामाणसं उतरायला भितात, म्हणून उद्या त्याला गोळी घालायचं ठरलं होतं.

येसाजी काही मोठा कनवाळू माणूस नव्हता. पण तो पुढं सांगायचा, की म्हाताऱ्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं, मागितलं काहीच नाही, आणि तेच मला बाधलं. पेंढा नेणाऱ्या मचव्यात त्यानं त्याला चढवला, आणि दुपार कलायच्या आत दोघं घरी आले.

घरी होती नीराबाई. जिभेची तिखट, मनाची मऊ. दारात ते धूड बघून ती म्हणाली, मेहुणीला सोडायला गेलात आणि हा सासरा घेऊन आलात होय. मग त्याच्या फासळ्या तिला दिसल्या आणि तिनं चुलीवर भाताचं आधण ठेवलं. ह्या बाईची दोन लेकरं गेली होती, एक पाळण्यात आणि एक गोवरानं, चांगलं बोलायला लागलेलं. त्यानंतर कूस उजवली नाही. उपाशी जीव दारात उभा राहिला की तिचा हात आपसूक भाताच्या मडक्याकडं जायचा. नाव ठेवायला तिला वेळ लागला नाही. ती त्याला म्हातारबा म्हणू लागली.

आता तिच्या माहेरची एक रीत होती. नवं जनावर घरात आलं की त्याला चुलीभोवती फिरवायचं, म्हणजे ते घराला धरून राहतं, पळत नाही. येसाजीच्या घराच्या भिंती कुडाच्या, ठिणगी लागायची भीती, म्हणून चूल आपली मधोमध होती आणि तिच्याभोवती फिरायला ऐसपैस जागा होती. नीराबाईनं काठीच्या टोकाला सुका बोंबील बांधला, जागेवर बसूनच काठी गोल फिरवली, आणि ते पांढऱ्या तोंडाचं जनावर बोंबलामागं चुलीला वेढे घालत राहिलं. येसाजी हसून हसून लोळायचा बाकी राहिला. वेढे झाले तशी तिनं बोंबील त्याच्या तोंडात दिला आणि म्हणाली, हा इस्तव हाय तवर तू आमचा.

नेमकी तेव्हाच शेजारची गोदूकाकी ताकाचं मडकं घेऊन आली होती. गावातल्या जुन्या रीती जाणणारी बाई. ती उंबऱ्यातच थबकली.

"पोरी, चूल पेटती हाय."

"भात शिजतोय ना, काकी. त्यो बघा किती भुकेला हाय. चूल इझवून परत कवा पेटवू?"

"चूल थंड करून फिरवायचं आस्तं गं. राख गार झाली की मग. थंड चुलीला बांधलेला जीव आपल्या येळंला सुटतो..."

"आन् पेटतीला बांधलेला?"

गोदूकाकीनं विस्तवाकडं बघितलं. "ते कुनी केलंच न्हाय कवा," ती म्हणाली, आणि ताक न देताच निघून गेली.

ह्या बोलण्याकडं कुणी फार लक्ष दिलं नाही. म्हातारबा घरात असा रुळला, की जणू इथंच जन्मला. येसाजी गावच्या उघाडीवर होता. खाडीच्या बांधात जे लाकडी दार असतं ती उघाडी. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला लावून खारं पाणी बाहेर ठेवायचं, हे त्याचं काम. सकाळी तो बांधावर निघाला की म्हातारबा मागं. चाल सावकाश, एखाद्या पाटलासारखी. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली असली आणि आतून पाणी झिरपत असलं की म्हातारबा तिथं कान लावून बसायचा, आणि येसाजी चिखल थापायचा. दुपारी भात आणि सुकटीचं कालवण, मग चुलीपाशी लांबलचक झोप. नीराबाई भांडी घासता घासता त्याच्याशी बोलायची, गावच्या सगळ्या भानगडी त्याला सांगायची. हयातीत तिला एवढं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि ती सुखी होती. तिनं ते बोलूनही दाखवलं, तेव्हा येसाजी जरा रुसला.

पुढच्या माघात दोघं पालीला बल्लाळेश्वराच्या जत्रेला गेली. म्हातारबा आणि घर गोदूकाकीच्या हवाली. चूल विझू द्यायची नाही हा सगळ्याच घरचा शिरस्ता, राखेत निखारे झाकून ठेवायचे. पण काकीला डुलकी लागली म्हणा की काय म्हणा, दोघं परत आली तेव्हा चूल गार होती आणि म्हातारबा तिच्याशेजारी आडवा पडला होता. नीराबाईनं हात लावला. अंग थंड, जीभ बाहेर, पाय लाकडासारखे ताठ. ती हुंदके देऊन रडली, लेकरं गेली तेव्हा रडली होती तशी. येसाजीनं डोळे पुसले आणि खड्डा खणायला फावडं आणायला गेला.

मयताला शिवलं, अंघोळ तर करायला हवी. म्हणून नीराबाईनं शेजारून निखारा आणला, काटक्या रचल्या, फुंकर घातली. घरात मेलेल्या जनावराचा तो थंड, ओलसर वास भरला होता. धूर झाला. मग जाळ लागला. आणि तिच्या पाठीमागं कुणीतरी हळूच श्वास घेतला.

ती वळली नाही. वळायचं धाडसच झालं नाही तिला. ती जाळाकडं बघत राहिली, आणि मागं श्वास येत राहिला, आधी तुटक... मग सलग. मग नखं जमिनीवर वाजली. येसाजी फावडं घेऊन दारात आला तेव्हा म्हातारबा घंगाळातलं पाणी लपालपा पीत होता.

"झोप गाढ लागली आसंल," येसाजी म्हणाला. म्हातारी माणसंही अशीच झोपतात, असं म्हणून त्यानं फावडं कोपऱ्यात टाकलं.  पण त्या थंड अंगाला हात लागला होता तो नीराबाईचा, येसाजीचा नव्हता.

तरी माणसाचं मन म्हणतं, खात्री करून घ्यावी. एका दुपारी येसाजी उघाडीवर असताना तिनं लाकडं ओढून घेतली, निखाऱ्यांवर ओली राख लोटली. म्हातारबा झोपला होता. त्याच्या फासळ्या वर-खाली होत होत्या, त्या मंद झाल्या. राखेखालची लाली काळवंडत गेली तशा आणखी मंद. मग दोन श्वासांमध्ये एवढं अंतर पडलं की बाहेरच्या कावळ्याचं ओरडणंसुद्धा तिला दूरदेशीचं वाटायला लागलं. त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, तक्रारीनं नाही, रेवसच्या धक्क्यावर जसं बघितलं असेल तसं. नीराबाईनं हातानं राख उपसली, हात भाजला, तोंड लावून फुंकलं. जाळ लागल्यावर ती त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, पुन्हा न्हाय रे बाबा, पुन्हा न्हाय करायची.

तिथून पुढं तिचं जगणं बदललं. माहेरी जाणं बंद, लग्नकार्यं बंद. लाकूडफाटा ती दिवाळीपासूनच साठवायची. गावच्या बाया म्हणायच्या, नीराबाईला चुलीनं धरलंय. म्हणू देत. लेकरं गेली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं, नुसतं बघत बसावं लागलं होतं. इथं हातात लाकूड होतं. ते सरकवलं की श्वास चालायचा. एवढी सत्ता कुठल्या आईला मिळते, तुम्हीच सांगा. तिला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, विस्तव जाण्याची. बाकी ती मजेत होती, आणि म्हातारबाही.

वर्षं गेली. बरोबरीची कुत्री मेली, त्यांची पिल्लं म्हातारी होऊन मेली. म्हातारबा होता तसाच, ना केस जास्त पांढरा झाला, ना पाय जास्त थरथरला. एकदा बैलाच्या खुराला औषध लावायला पेणहून ढोरांचा डॉक्टर आला. त्यानं सहज म्हातारबाचं तोंड उघडून बघितलं आणि वय विचारलं. येसाजीनं कधी आणला ते खरं खरं सांगितलं. डॉक्टर हसला, म्हणाला, तो दुसरा असेल, हा त्याचा नातू. मग त्यानं कुत्र्याच्या अंगाचा वास घेतला, आणि त्याचं हसू मावळलं. ओल्या दिवसातही त्या कातडीला लाकडाच्या धुराचा, ऊनऊन राखेचा वास येत होता. डॉक्टरनं चहा घेतला नाही.

मग ते उधाण आलं. श्रावणातली अमावास्या, भर दुपारची भरती, वरून वारा. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, आणि खाडी शेतांतून गावाकडं धावली. गडीमाणसं सगळी खांडीवर, येसाजी सगळ्यांत पुढं. घरात नीराबाई आणि म्हातारबा. पाणी उंबऱ्यावरून आत आलं तेव्हा बायांनी पोरं उचलली, कोंबड्या उचलल्या. नीराबाईनं खापरात निखारे भरले, डोक्यावर घेतले, वरून इरलं पांघरलं आणि बाहेर पडली.

गावदेवीच्या देवळाचा चौथरा तेवढा उंच होता. त्यावर पोरं, गुरं, म्हातारी माणसं दाटलेली. तिनं म्हातारबाला वर ढकललं. स्वतःला जागा उरली नाही. मग ती खालीच उभी राहिली, कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर विस्तव धरून. पाण्याला चिखलाचा आणि कुजल्या भाताचा वास येत होता. वाऱ्यानं निखारा फुलला की वर म्हातारबा डोकं उचलायचा. निखारा मंदावला की त्याची मान पोरांच्या पायांवर पडायची. पोरांनी हे पाहिलं आणि ती एक एक करून त्याच्यापासून सरकली.

संध्याकाळी खांड कशीबशी बांधून येसाजी आला. बायको अशी उभी, ओठ निळे, हात वर. तो तिला ओरडायला निघाला होता. पण त्याची नजर खापरावरून कुत्र्यावर गेली, कुत्र्यावरून परत खापरावर, आणि इतक्या वर्षांचं सगळं त्याच्या डोक्यात एकदम उतरलं.  देवळाच्या आढ्याला लावलेली नारळाची सुकी सोडणं, वरची सालं, त्यानं उपसून आणली आणि एक एक करून खापरात घातली.

विस्तव वाचला, पण नीराबाईला ताप भरला. घर वाळलं, चूल लागली, म्हातारबा तिच्या अंथरुणाला पाठ लावून बसला. रस्ते पाण्याखाली, पेणचा डॉक्टर येणार कसा. तापात तिला कुठंतरी लांब भांडी वाजल्यासारखी वाटायची, कधी दोन लहान पोरं खिदळल्यासारखी. मग तेही थांबलं.

ती जागी झाली तेव्हा छान ऊन पडलं होतं. अंग पिसासारखं हलकं. बाभळीच्या धुराचा वास येत होता आणि तिला सपाटून भूक लागली होती. दार आतून लावलेलं. येसाजी चुलीपाशी बसला होता, डोळे लाल, धोतराचा सोगा करपलेला. तिनं बघितलं तर तिच्या लुगड्याचा पदरही एका अंगानं जळालेला.

"ह्यो कशानं जळला?"

"चुलीजवळनं नेताना."

"मला चुलीजवळनं कशाला नेलीत?"

येसाजीनं एक लाकूड आत सरकवलं. ते नीट पेटेपर्यंत तो थांबला. "पहाटं तू... बाया आंघोळीचं पानी मागत व्हत्या. मी समद्यांना भाईर काढलं. तू त्याला ठेवलास, नीरा. मग मी म्हनलं..."  तो रडत होता, आणि नीराबाईनं त्याला असं रडताना प्रथमच पाहिलं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती माया. नवऱ्याच्या करपलेल्या हातावर तिनं हात ठेवला. मग तिच्या मनात आलं ते तिनं विचारलं.

"अवो, पन मला उचलून फिरलात, म्हंजी तुमीबी फिरलात."

येसाजीनं चुलीभोवती नजर फिरवली. मग ओल्या डोळ्यांनी हसायला लागला. "तेवढं माझ्या ध्यानात आलं न्हाय बघ."

ती उठली, पदर खोचला आणि दार उघडलं. अंगणात अर्धं गाव उभं होतं. गोदूकाकीच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, हिरवा चुडा, नवं लुगडं. येसाजीचा चुलत भाऊ बाळाजी दोन ओले बांबू शेजारी शेजारी ठेवून त्यांना आडव्या कामट्या बांधत होता. त्याचे हात तसेच थांबले. नीराबाईला आधी कळलंच नाही. तिनं विचारलं, कोण गेलं. सगळे तिच्याकडंच बघत होते. मग तिला कळलं, आणि घरी आलेल्या माणसांना तसं कसं पाठवायचं म्हणून ती म्हणाली, बसा, पेज टाकते. गोदूकाकीनं ताट जमिनीवर ठेवलं आणि पाठ न फिरवता, एक एक पाऊल मागं सरत अंगणाबाहेर गेली. बाकीचे तिच्या मागून गेले.

ती तिरडीची ताटी तिथंच राहिली. मोडायला गावातलं कुणी आलं नाही, आणि येसाजीनं ती कुडाला टेकवून उभी केली, म्हणाला, भोपळ्याचा वेल चढवू. वेल लावायची गरज पडली नाही. तोडून आणलेले, मूळ नसलेले ते बांबू पंधरवड्यात पेरापेरांतून फुटले. पानं अशी कोवळी हिरवी की बघत बसावं. गाव त्या अंगणावरून जाईना, लांबच्या वाटेनं जाऊ लागलं. पण तिघांचं काही अडलं नाही. येसाजी लाकडं फोडायचा, नीराबाई चूल राखायची, आणि दुपारी म्हातारबा बांबूच्या सावलीत जाऊन पसरायचा. एवढं निवांत आपण कधीच नव्हतो, असं दोघं एकमेकांना म्हणायची, आणि ते खरं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दोन बांबूंच्या मधून जमिनीतून तिसरा कोंब वर आला. नीराबाईनं तो बघितला, घरातली माणसं मनाशी मोजली, आणि तिला बरंच वाटलं. तिघांचे तीन. तिनं त्याला घागरभर पाणी घातलं.

मग एका सकाळी येसाजीनं तिला हाक मारून बाहेर बोलावलं. चौथा कोंब आला होता, बोटभर, जांभळा, अजून दव न सुकलेला. घरात जीव तीनच होते, मग हा चौथा कुणाचा, म्हणून दोघं त्याच्याकडं बघत उभी राहिली. पाठीमागं म्हातारबा सावलीतून उठला, वाटेकडं तोंड करून बसला, आणि कुणीतरी ओळखीचं येताना दिसावं तशी शेपटी हलवू लागला.

वाटेवर कुणी नव्हतं.